ईडेलला चालायला जाताय? आधी वहिवाट वाचायला शिका, मग या तीन वाटा करा

मँचेस्टर पिकॅडिलीवरून शेफील्डकडे जाणारी, सगळीकडे थांबत जाणारी लोकल पकडली की पाऊण तासाच्या आसपास एक लांबलचक बोगदा लागतो, काउबर्न टनेल, तीन किलोमीटरहून मोठा, कानात दडे बसतात आणि मग एकदम उजेड. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे हिरवीगार दरी, दगडी बांध आणि मेंढ्या. पुढचं स्टेशन ईडेल, इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं. शेफील्डकडून आलात तर अर्ध्यापाऊण तासाचा प्रवास. स्टेशन 1894 पासूनचं आहे, छोटंसं, आणि तिथून बाहेर पडलं की दहा मिनिटांत तुम्ही शेतात असता.

हे लिहायचं कारण म्हणजे दर वर्षी उन्हाळ्यात ओळखीतले कोणी ना कोणी विचारतात, आईबाबा आलेत कुठे नेऊ, किंवा नवीन शिकायला आलेली मुलं म्हणतात की गाडी नाही, ट्रेकिंग ग्रुप नाही, कसं जायचं. सह्याद्रीत ट्रेक केलेली माणसं असतात ही, राजगड तोरणा केलेली, पण इथे शनिवार रविवार घरात बसतात कारण कोणाच्या शेतातून गेलो तर तो ओरडेल ही भीती मनात असते. मला पण होती. पहिलं वर्षभर मी फक्त डांबरी रस्त्याच्या कडेने चाललो, जे खरं तर जास्त धोक्याचं आहे. ती भीती गेली की इंग्लंडमधलं कुठलंही खेडं तुमचं होतं, म्हणून आधी तेच सांगतो आणि मग तीन वाटा, सोप्यापासून अवघड.

वहिवाट म्हणजे काय आणि ती कशी ओळखायची

आपल्याकडे शेतात जायला वहिवाटीचा रस्ता असतो, बांधावरून, आणि कोणी अडवला की तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, बरोबर? इथे तीच कल्पना आहे पण हक्क फक्त शेजारच्या शेतकऱ्याचा नाही, सगळ्यांचा. राइट ऑफ वे. जमीन खाजगी, तिच्यावरची वाट मात्र सार्वजनिक. त्या वाटेने चालायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, कारण सांगावं लागत नाही, नागरिक असायची पण गरज नाही. कौन्सिलकडे या सगळ्या वाटांची नोंद असलेला अधिकृत नकाशा असतो, आपल्या गावनकाशासारखा, आणि त्यावरूनच ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे, नकाशे या वाटा दाखवतात.

तर स्टेप एक, नकाशा. ईडेलसाठी ऑर्डनन्स सर्व्हे एक्सप्लोरर ओएल 1, डार्क पीकचा, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागाचा. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे 4 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, आणि चौकोन बरोबर एकेक किलोमीटरचे छापलेले असतात त्यामुळे अंतर नुसतं चौकोन मोजून कळतं. यात हिरव्या छोट्या तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडे आणि सायकली पण येतात. काळ्या तुटक रेषा बघून फसू नका, तिथे जमिनीवर वाट दिसते एवढाच त्याचा अर्थ, हक्क असेलच असं नाही. आणि जो भाग फिकट पिवळसर रंगवलाय ती ओपन अॅक्सेस जमीन, तिथे वाट सोडून पण चालता येतं, 2000 सालच्या कायद्याने. किंडर, म्हणजे ईडेलच्या डोक्यावरचा मोठा डोंगर, त्याचं जवळपास सगळं पठार त्यात येतं.

जमिनीवर या वाटांना बाण असतात, गेटच्या खांबावर छोटी गोल चकती. पिवळा बाण फुटपाथ, निळा ब्रायडलवे. अॅकॉर्नचं, म्हणजे ओकच्या फळाचं चित्र दिसलं तर ती नॅशनल ट्रेल, म्हणजे लांब पल्ल्याची राष्ट्रीय पायवाट, ईडेलला ती पेनाइन वे. बाणाची दिशा नीट बघा, शेताच्या त्या टोकाला पुढचं गेट कुठे आहे ते आधी डोळ्यांनी शोधा आणि सरळ त्याच्याकडे चाला. शेताच्या मधून जायला संकोच वाटतो सुरुवातीला, कडेकडेने जावंसं वाटतं, पण वाट मधून असेल तर मधूनच जायचं, उलट गवत कमी तुडवलं जातं.

हा हक्क आयता मिळालेला नाही. किंडरचं पठार पूर्वी शिकारीसाठी राखलेलं असायचं, गिरण्यांत काम करणाऱ्या लोकांना एक रविवार मिळायचा आणि समोर दिसणाऱ्या डोंगरावर पाय ठेवायची बंदी. 24 एप्रिल 1932 ला बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा आणि बरोबर काही शे लोक, बहुतेक मँचेस्टरकडचे तरुण कामगार, पलीकडच्या हेफील्डवरून ठरवून किंडरवर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यानंतर लोकांचा दबाव वाढत गेला, 1949 चा नॅशनल पार्कचा कायदा आला, 1951 ला पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, 1965 ला पेनाइन वे खुला झाला, तो पण 24 एप्रिललाच. मला हे माहीत झाल्यापासून ते पहिलं गेट उघडताना दर वेळी त्या पोरांची आठवण येते.

आदल्या रात्री

मेट ऑफिसचा पीक डिस्ट्रिक्टसाठी वेगळा डोंगराचा अंदाज असतो तो बघा, मँचेस्टरचा बघून उपयोग नाही. पावसापेक्षा वाऱ्याचा आणि ढग किती खाली येणार त्याचा आकडा महत्त्वाचा. ढग 500 मीटरच्या खाली असेल तर तिसरी वाट रद्द, पहिली करा, ती ढगात पण छान वाटते.

वेळेचा हिशोब करायला जुना नाइस्मिथचा नियम आहे, 1892 पासूनचा: दर 5 किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक 600 मीटर चढाला आणखी एक तास. यात थांबणं, खाणं, फोटो काहीच धरलेलं नाही, म्हणून मी येईल त्या उत्तराच्या दीडपट धरतो, आईबाबा बरोबर असतील तर दुप्पट. मग सूर्यास्ताची वेळ बघा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आधीच सूर्य मावळतो, हा फरक नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात त्या आठवड्यात तर हमखास लोक अंधारात अडकतात.

कपडे: जीन्स नको, भिजली की सुकत नाही आणि वारा लागला की पाय गारठतात. पातळ थरांचे कपडे, वर खरं वॉटरप्रूफ जॅकेट, टोपी, हातमोजे, मे महिन्यात सुद्धा. बूट ग्रिपवाले. हेडटॉर्च, शिट्टी, कंपास, कागदी नकाशा, पॉवर बँक. फोन थंडीत पटकन बंद पडतो, आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. खायला मी थालीपीठ नेतो, फॉइलमध्ये गुंडाळून, सोबत चिक्की आणि थर्मासमध्ये चहा. थालीपीठ गार झालं तरी खाता येतं, हात बरबटत नाहीत आणि दोन खाल्ली की चार तास बघायला नको.

आणि गाडीचं टाइमटेबल. मोठ्या एक्सप्रेस ईडेलला थांबत नाहीत, धडधडत निघून जातात, त्यामुळे परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. दरीत नेटवर्क येतं जातं.

पहिली वाट: दरीतली गोल चक्कर, साधारण 5 किलोमीटर

आईबाबा, लहान मुलं, किंवा पहिलीच वेळ असेल तर ही. स्टेशनातून बाहेर आलात की आधी कार पार्कजवळच्या टॉयलेटमध्ये जाऊन या, पुढे नाही. मग रस्त्याने उजवीकडे वर गावात, चर्च मागे टाकून ओल्ड नॅग्ज हेड नावाच्या पबपर्यंत. हीच पेनाइन वेची सुरुवात, इथून निघालेला माणूस 268 मैल चालून स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमला पोचतो. आपण त्यातला सुरुवातीचा तुकडा करायचा. पबच्या जरा आधी डावीकडे बाण आहे, झाडांमधून खोलगट वाट वर जाते आणि मग शेतं सुरू.

इथे पहिलं किसिंग गेट लागेल. अर्धगोल कठड्यात झुलणारं छोटं फाटक असतं, माणूस जातो पण मेंढी जात नाही. रीत अशी: फाटक आपल्यापासून पुढे ढकला, आत शिरा, कठड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहा, फाटक आपल्यासमोरून मागे आणा, आणि मग पलीकडे बाहेर. पाठीवर मोठी सॅक असेल तर कोपऱ्यात अडकता, सॅक काढून डोक्यावर धरायची, सोपं आहे. काही ठिकाणी फाटकाऐवजी स्टाइल असते, म्हणजे दगडी बांध ओलांडायच्या पायऱ्या, तिथे वर चढल्यावर तोंड बांधाकडे करून उलटं उतरायचं, शिडीसारखं. माझी आई साडीत आली होती पहिल्यांदा, खाली स्पोर्ट्स शूज, दोन स्टाइल्स तिने न घाबरता पार केल्या पण दगड ओले असतील तर सलवार बरी. बाकी गेटचा नियम एकच, उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद करा.

गायी दिसल्या तर काय? मेंढ्या आपणहून पळतात पण गायी कुतूहलाने जवळ येतात, आणि बरोबर वासरू असेल तर मात्र जपून. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. लांबून वळसा घाला, पळू नका, शांत चाला. बरोबर कुत्रा असेल तर पट्टा आखूड धरा, पण गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळून सुटतो आणि गाय त्याच्यामागे जाते. वाट सोडून वळसा घालावा लागला तरी चालतं, पुढे परत वाटेवर या. आपण लहानपणी गोठ्यात वावरलेलो असलो तरी इथल्या गायींना आपली सवय नसते.

शेतांमधून अर्ध्या तासात अप्पर बूथ येतं. बूथ म्हणजे जुन्या काळची गवळ्यांची वस्ती, आपल्या गवळीवाड्यासारखी, दरीत अशा पाच आहेत: अप्पर, बार्बर, ग्राइंड्सब्रुक, ऑलरब्रुक आणि नेदर. ज्याला आपण ईडेल गाव म्हणतो ते खरं ग्राइंड्सब्रुक बूथ, ईडेल हे दरीचं नाव. अप्पर बूथवरून पेनाइन वे सोडून छोट्या रस्त्याने खाली बार्बर बूथकडे या आणि तिथून नकाशावरची हिरवी रेषा धरून शेतांतून परत ईडेलच्या रस्त्यावर. चहापाण्यासकट अडीच तास.

दुसरी वाट: मॅम टॉरची धार

मला तिन्हीत हीच जास्त आवडते, कमी कष्टात सगळ्यात जास्त आकाश दिसतं. स्टेशनातून यावेळी उलटं, खाली दरीच्या मुख्य रस्त्याकडे, मग नदी, म्हणजे नो नदी, ओलांडून समोरच्या धारेवर हॉलिन्स क्रॉसला चढायचं. नकाशात हॉलिन्स क्रॉसला चारी बाजूंनी वाटा मिळताना दिसतात, खिंडच आहे ती. चढ दीडशे मीटरच्या आसपास, दम लागतो पण वाट स्पष्ट.

ही खिंड म्हणजे जुनी प्रेतवाट. ईडेलला स्वतःचं चॅपल 1630 च्या दशकात झालं, त्याआधी गावातलं माणूस गेलं की त्याला खांद्यावर घेऊन हा डोंगर चढून पलीकडे कॅसलटनला न्यायचे. वर पोचल्यावर धाप लागलेली असते तेव्हा एक मिनिट थांबून विचार करा, जानेवारीच्या बर्फात चार माणसं खांदा देऊन इथे आली असतील.

खिंडीतून उजवीकडे मॅम टॉर, 517 मीटर. फरशी घातलेली वाट आहे सगळी, हरवायचा प्रश्नच नाही, वारा मात्र भयंकर, टोपी खिशात. मॅम टॉर म्हणजे आई डोंगर असं सांगतात, माथ्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या किल्ल्याचे मातीचे तट अजून कळतात, नीट बघा, गवताखाली दोन समांतर उंचवटे. कॅसलटनच्या बाजूने डोंगर सतत घसरतो, शेल आणि वाळूच्या खडकाचे थर एकावर एक आहेत आणि पाणी मुरलं की सरकतात, म्हणून त्याला थरथरता डोंगर पण म्हणतात. खाली कडेला जो तुटलेला रस्ता दिसतो तो एकेकाळचा हमरस्ता, दुरुस्त करून करून थकले आणि 1979 ला कायमचा बंद केला. कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढू नका, माती भुसभुशीत आहे.

इथून दोन पर्याय. आल्या वाटेने हॉलिन्स क्रॉस आणि ईडेल, 8 किलोमीटरच्या आसपास. किंवा दमसास असेल तर परत खिंडीत येऊन सरळ पुढे बॅक टॉर, मग लूज हिल, 476 मीटर, आणि तिथून उतरून होप गावाचं स्टेशन. होप त्याच लाइनवर आहे म्हणून परत ईडेलला यायची गरज नाही, तिकीट मात्र त्या हिशोबाने काढा. रविवारी भर उन्हाळ्यात मॅम टॉरवर जत्रा असते, कार पार्क भरलेले असतात, पण लूज हिलकडे पाऊल टाकलं की गर्दी विरळ होते.

तिसरी वाट: किंडरचं पठार, 13 ते 14 किलोमीटर

ही पूर्ण दिवसाची. आधीच्या दोन केल्याशिवाय करू नका, आणि एकट्याने पहिल्यांदा तर नाहीच.

अप्पर बूथपर्यंत पहिलीच वाट. पुढे ली फार्मवरून दगडी छोट्या पुलाशी पोचता, पूर्वी सामान लादलेली तट्टं याच वाटेने जायची. पूल ओलांडला की जेकब्ज लॅडर, अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाच्या माणसाने पायऱ्या खोदल्या म्हणून ते नाव. पायऱ्या दगडी, नीट बांधलेल्या, पण सलग. हळूहळू चढा, बोलता येईल इतक्याच वेगाने. वर आलं की पेनाइन वे उजवीकडे वळून किंडर लोकडे जातो, 633 मीटर, पांढरा ट्रिग पॉइंट, म्हणजे नकाशाच्या मोजणीचा खांब, आहे. किंडरचं सर्वोच्च टोक 636 मीटरचं आहे पण ते पठाराच्या आत कुठेतरी सपाटीवर, त्याच्यामागे लागू नका.

इथली जमीन म्हणजे पीट. काळी, ओली, स्पंजसारखी, हजारो वर्षं शेवाळ कुजून साठलेली. पाय ठेवला की पाणी वर येतं आणि काढला की चुप्प असा आवाज. गिरण्यांच्या धुराने आणि आगींनी हे पठार एकेकाळी पार उघडं पडलं होतं, गेल्या वीस वर्षांत परत गवत आणि शेवाळ लावून ते जगवलंय, म्हणून वर विस्तव नाही, बार्बेक्यू नाही, सिगरेट सुद्धा नाही. पीट जमिनीखाली आठवडेच्या आठवडे जळत राहतं. पेनाइन वेवर जिथे चिखल जास्त तिथे मोठ्या फरश्या टाकल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच लँकेशायरमधल्या पाडलेल्या कापड गिरण्यांच्या आहेत. एका फरशीत मला ओळीने गोल भोकं दिसली, मशीन बोल्टने बसवायची भोकं, पावसाचं पाणी भरलेलं होतं त्यात. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. मी खाली बसून त्या भोकात बोट घातलं, बराच वेळ उठलो नाही.

किंडर लोवरून नकाशात पठाराची दक्षिण कड धरा. हे या वाटेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे: कड धरा. दरी कायम उजव्या हाताला. वाटेत वूल पॅक्स नावाचे गोलगोल दगड, लोकरीची गाठोडी ठेवल्यासारखे, मग क्राउडन टॉवर, मग ग्राइंडस्लो नोल, 601 मीटर, आणि तिथून समोर ईडेल आणि त्याखाली रेल्वे लाइन दिसते. उतार तीव्र आहे, गुडघ्यांना त्रास असेल तर काठी हवीच.

मी एकदा नोव्हेंबरमध्ये कड सोडून पठाराच्या मधून शॉर्टकट मारायला गेलो. पीटमध्ये माणसापेक्षा खोल चर असतात, आत उतरलं की काही दिसत नाही, वर आलं की दिशा बदललेली असते, त्यात ढग उतरला आणि फोन बंद. दीड तास मी त्याच अर्ध्या किलोमीटरमध्ये फिरत होतो. शेवटी कंपास काढला, दक्षिण धरली आणि चरांची पर्वा न करता सरळ चालत राहिलो तेव्हा कड सापडली. ढगात हेच करायचं: थांबा, एक थर जास्त चढवा, काहीतरी खा, मग कंपासवर दक्षिण. सापडलेली कड सोडू नका आणि कुठलाही ओढा धरून खाली उतरायला जाऊ नका, ते ओढे खडकांवरून उड्या मारत जातात.

कोणाला लागलं, चालता येत नसेल, तर 999, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. इथली टीम स्वयंसेवकांची आहे, पैसे घेत नाहीत. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशाच्या चौकोनांवरून आपली जागा सांगणारा आकडा, सांगता आला पाहिजे, तो घरीच वाचायला शिका. नेटवर्क अगदी कमी असेल तर 999 ला मेसेज पण जातो, पण त्यासाठी आधी रजिस्टर करावं लागतं, 999 ला इंग्रजीत register हा शब्द मेसेज करायचा, ते आजच करून टाका, दोन मिनिटं लागतात. फोनच नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, एक मिनिट थांबा, परत सहा.

खाली उतरल्यावर घरी जाऊन पायांच्या मागे, गुडघ्याच्या खोबणीत, कमरेला गोचीड बघा, विशेषतः उन्हाळ्यात फर्नमधून चालला असाल तर. दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर लगेच डॉक्टर. आणि गाडीत बसण्यापूर्वी बुटांचा चिखल फलाटाबाहेर झटका, एक जुनी पिशवी सॅकमध्ये ठेवा बुटांसाठी, आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड.